वारसनोंदीत सुटलेले नाव आणि वाटपाचा दावा : माझा अनुभव

वडिलांच्या पश्चात आमच्या वडिलोपार्जित शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर केवळ दोघा भावांची नावे लागली आहेत, हे मला कळले तेव्हा जमिनीच्या विक्रीची बोलणी सुरू झालेली होती. वारसनोंदीसाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात विवाहित मुलीचा, म्हणजे माझा, उल्लेखच नव्हता. तलाठ्याकडे जाऊन नाव लावून घ्यावे, असे नातेवाइकांनी सुचवले. परंतु मंडळ अधिकाऱ्यांनी एकदा प्रमाणित केलेला फेरफार (हक्कबदलाची नोंद) तलाठ्याला बदलता येत नाही, असे त्या कार्यालयात सांगण्यात आले, आणि ते कायद्याला धरूनच होते.

खाजगी वकिलाचा खर्च मला झेपणारा नव्हता. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचे कामकाज चालते आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही माहिती मला एका परिचित शिक्षिकेने दिली. साधा अर्ज, ओळखपत्र आणि वादाची थोडक्यात हकिकत एवढ्यावर माझे काम झाले. फुकटचा वकील मन लावून काम करत नाही असे अनेकांचे मत असते. माझ्या वाट्याला आलेल्या वकीलबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत जे प्रश्न विचारले, त्यांवरून माझी शंका फिटली.

त्यांनी आधी विचारले, "ताई, तुम्ही हक्कसोडपत्रावर कधी सही केली आहे का?" मी केली नव्हती. वडिलांचे मृत्युपत्र आहे का, आणि 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले होते का, हे पुढचे दोन प्रश्न होते; त्या तारखेपूर्वी झालेले असे वाटप 2005 च्या कायदेदुरुस्तीने बदलत नाही. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांनी कागदपत्रांची मागणी केली : चालू आणि जुने सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), वारसाचा फेरफार आणि त्यासोबत जोडलेल्या कागदांच्या नकला. ऑनलाइन मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सोपा होता. आजोबांच्या काळातील उताऱ्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून थांबावे लागले. हे कंटाळवाणे काम होते, पण जमीन वडिलांची स्वकष्टार्जित नसून वडिलोपार्जित आहे, हे पुढे त्याच उताऱ्यांवरून दाखवता आले.

यानंतर वकीलबाईंनी जे समजावून सांगितले, ते आधी कोणीच सांगितले नव्हते. सातबाऱ्यावरील नोंद ही मुख्यतः महसुलाच्या कामासाठी असते. ती मालकी निर्माणही करत नाही आणि नष्टही करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी मानली जाते, म्हणून तिला आव्हान न देता गप्प बसणेही योग्य नाही. त्यामुळे फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, त्यासोबत साठ दिवसांची मुदत उलटून गेल्यामुळे विलंब माफीचा अर्ज, आणि हिश्श्याचा खरा निवाडा व्हावा म्हणून दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, अशा दोन्ही वाटा आम्ही धरल्या. महसुली कार्यालयात मालकीचा निकाल मिळेल या आशेवर लोक वर्षानुवर्षे तारखा घेत राहतात, हे मी त्या आवारात डोळ्यांनी पाहिले.

विक्री थांबवणे तातडीचे होते. दाव्यासोबतच आम्ही तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दिला आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवली. महाराष्ट्रात ही नोंदणी केल्याशिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 चे संरक्षण, म्हणजे दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहणे, मिळत नाही, आणि माझ्या मते दावा लावणाऱ्या प्रत्येकाने वकिलाला याविषयी आवर्जून विचारावे. नोंदणीची बातमी पोहोचताच इच्छुक खरेदीदार स्वतःहून बाजूला झाला.

भावांनी लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, दोन मुद्दे घेतले. पहिला असा की, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाला महाराष्ट्राने केलेल्या 1994 च्या दुरुस्तीने 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते आणि माझे लग्न त्याआधीचे आहे. ते खरे होते. मात्र 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणाऱ्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अशी अट नाही. दुसरा मुद्दा वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटप झाल्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मधील विनीता शर्मा प्रकरणात असा तोंडी वाटपाचा बचाव अपवादानेच, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच मान्य करता येईल असे म्हटले आहे, आणि भावांकडे तसा एकही कागद नव्हता.

मनाई हुकूम कायम झाल्यावर थोरल्या भावानेच तडजोडीचा विषय काढला. आई आधीच वारली असल्याने आम्हा तिघांचे हिस्से समान होते. मी क्षेत्र थोडे कमी घेतले, परंतु विहिरीच्या पाण्याची पाळी आणि बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता तडजोडपत्रात स्पष्ट लिहून घेतला. यावर सर्वाधिक चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण पाणी आणि वाट नसलेला हिस्सा केवळ कागदावरच राहतो. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान शेततुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे अडचण येऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रही आधीच तपासले. प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवले गेले. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील चालत नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे, याची पॅनेलने सही होण्यापूर्वी विचारून खात्री करून घेतली.

निवाडा झाला म्हणून नाव आपोआप लागत नाही. प्रमाणित प्रतीसह नव्या फेरफाराचा अर्ज, हितसंबंधितांना नोटिसा आणि हरकतींचा कालावधी हे सर्व पुन्हा झाले. प्रांताधिकाऱ्यांकडील अपील आम्ही तडजोडीच्या आधारे मागे घेतले. आता कब्जेदार सदरी (सातबाऱ्यातील जमीनधारकाच्या रकान्यात) माझे नाव आहे आणि हद्दी कायम करण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला आहे. मोजणीचे शुल्क तिघांनी समान भरायचे, हेही तडजोडपत्रातच लिहिलेले असल्यामुळे त्यावरून नवा वाद उद्भवला नाही.