डिस्क करप्ट झाली म्हणजे सेव्ह गेले असं नाही

शुक्रवार, रात्र

वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळची लाइट जाते, आणि ती परत आली की कुठल्या ना कुठल्या घरात पीएस४ या गेमिंग कन्सोलच्या पडद्यावर एक्स्टर्नल डिस्क नीट बंद न झाल्याचा इशारा येतो. गेमचे आयकॉन जागेवर असतात, पण एकही उघडत नाही. अशा वेळी पहिली धास्ती सेव्हची, म्हणजे खेळ कुठवर आला याच्या साठवलेल्या नोंदीची असते. दोनशे तास खेळलेला गेम, मुलाने महिनाभर बसून बांधलेली टीम, सगळं गेलं असंच वाटतं.

म्हणून सगळ्यात आधी हे लिहून ठेवतो. पीएस४ वर सेव्ह एक्स्टर्नल डिस्कवर नसतातच. मार्च २०१७ मध्ये सिस्टिम सॉफ्टवेअर ४.५० आलं आणि एक्स्टर्नल डिस्कवर गेम ठेवायची सोय झाली. तेव्हापासून त्या डिस्कवर जातात ते गेम, त्यांचे अपडेट आणि अॅड-ऑन. सेव्ह, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ क्लिप कन्सोलच्या आतल्या डिस्कवरच राहतात. म्हणजे बाहेरची डिस्क पार मेली, तरी जातं ते पुन्हा डाउनलोड करता येण्यासारखं किंवा ब्लू-रे वरून पुन्हा इन्स्टॉल होण्यासारखं.

सेव्ह खरे जातात ते त्यानंतरच्या घाईत. सेफ मोड म्हणजे कन्सोलचा दुरुस्तीचा मेनू; त्याच्या यादीत सहावा आणि सातवा पर्याय ‘इनिशियलाइज’चा आहे. ते दोन्ही आतली डिस्क पुसतात. बिघडलेली असते बाहेरची, आणि पुसली जाते आतली, चांगली. एक्स्टर्नलच्या दुरुस्तीत या दोन पर्यायांचं काहीही काम नाही.

कशालाही हात लावण्यापूर्वी, एक्स्टर्नल काढून ठेवलेली असताना, सेव्हची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. सेटिंग्जमध्ये ‘अॅप्लिकेशन सेव्हड डेटा मॅनेजमेंट’, तिथून आतल्या स्टोरेजमधला सेव्ह डेटा, तिथून यूएसबीवर कॉपी. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. गेमसाठी फॉरमॅट केलेली एक्स्टर्नल या कामाला चालत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते झालं की पुढचं सगळं शांत डोक्याने करता येतं.

शनिवार, सकाळ

सकाळी फक्त केबल. ती एवढी वेळ घेण्याइतकी महत्त्वाची आहे, कारण करप्ट म्हणून हाती येणाऱ्या डिस्कमध्ये डिस्क ठणठणीत आणि केबल गेलेली, असा प्रकार फार असतो.

बहुतेक अडीच इंची पोर्टेबल डिस्कच्या टोकाला रुंद, चपटं, मधे खाच असलेलं तोंड असतं. त्याला मायक्रो-बी म्हणतात. जवळून पाहिलं तर ते दोन तोंडांचं मिळून झालेलं दिसतं. मोठ्या भागात जुन्या फोनच्या चार्जरसारखे पाच संपर्क, आणि खाचेच्या पलीकडच्या छोट्या भागात आणखी पाच. हे दुसरे पाच यूएसबी ३.० च्या वेगासाठी असतात. केबल एका बाजूला ओढली गेली, डिस्क टीव्हीच्या मागे लोंबकळत राहिली, की हा छोटा भागच आधी सैल होतो. मग डिस्क चालू राहते, दिवा लागतो, कॉम्प्युटरवरही दिसते, पण यूएसबी २.० च्या वेगाने. पीएस४ ला यूएसबी ३.० च लागतं, त्यामुळे तो ती डिस्क वापरता येत नाही असं सांगून मोकळा होतो. किंवा संपर्क येतो-जातो, आणि मधेच गेला त्या क्षणी जे लिहिलं जात होतं ते अर्धवट राहतं.

तपासायचं असं. केबल बदलायची, आणि बदली केबलसुद्धा यूएसबी ३.० ची आहे ना हे बघायचं. कन्सोलकडच्या टोकाच्या आतलं प्लास्टिक बहुधा निळं असतं किंवा त्यावर ‘एसएस’ची खूण असते. जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल त्या मोठ्या भागात नेमकी बसते, म्हणून लोक ती लावून बघतात आणि डिस्क गेली असा निष्कर्ष काढतात. पीएस४ च्या पुढच्या दोन्ही पोर्टवर लावून बघायचं. प्रो मॉडेलला मागे तिसरा पोर्ट आहे. मधे हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारी पेटी, नको. हबमधून एक्स्टर्नल डिस्क पीएस४ घेतच नाही.

कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेने हे संपर्क काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून तोंड पुसायचं आणि पूर्ण वाळल्यावरच जोडायचं. टोकदार काही आत घालू नये, त्या पट्ट्या वाकल्या की सरळ होत नाहीत.

विजेचाही भाग आहे. यूएसबी ३.० पोर्ट ५ व्होल्टला ९०० मिलीअँपिअर देईल एवढंच धरून चालायचं, म्हणजे ४.५ वॅट. अडीच इंची डिस्क फिरायला लागते तेव्हा क्षणभर जवळपास १ अँपिअर मागते. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि डिस्क सुरू होता होता बसते, पुन्हा उठते, पुन्हा बसते. कान जवळ नेला तर हे ऐकू येतं. आखूड, जाड केबलने ते थांबलं, तर दुरुस्ती तिथेच संपली. पण तसाच नियमित ‘टक… टक… टक’ आवाज चांगल्या केबलवरही येत राहिला, तर ते डिस्कच्या आतलं वाचणारं हेड बिघडल्याचं लक्षण. ती डिस्क लगेच काढायची. तिच्यावर गेमच आहेत, त्यासाठी रिकव्हरीवाल्याला पैसे देण्यात अर्थ नाही.

शनिवार, दुपार

केबल ठीक असेल तर सेफ मोड. कन्सोल पूर्ण बंद करायचा. नारिंगी दिवा असेल तर तो रेस्ट मोडमध्ये आहे, बंद नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं. एक बीप लगेच येतो, दुसरा साधारण ७ सेकंदांनी. दुसऱ्या बीपला बोट काढायचं. कंट्रोलर केबलने जोडून पीएस बटण दाबायचं, आणि ती केबल नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. इथेच बरेचजण अडतात आणि कन्सोलच बिघडला असं समजतात.

यादीतला पाचवा पर्याय, ‘रिबिल्ड डेटाबेस’. ग्रंथालयाची नोंदवही फाटली, पण कपाटातली पुस्तकं शाबूत आहेत, अशी कल्पना करावी. हा पर्याय कपाट धुंडाळून वही नव्याने लिहितो. गेम आणि सेव्ह पुसले जात नाहीत. होम स्क्रीनवरचा आयकॉनचा क्रम बदललेला दिसेल, तेवढंच. भरलेल्या डिस्कवर याला काही तास लागू शकतात, आणि मधे लाइट गेली तर मूळ दुखणं दुप्पट. आभाळ भरून आलं असेल तर हे काम उद्यावर टाकावं.

मात्र पुस्तकाचं पानच फाटलेलं असेल तर नवी वही काय करणार? रिबिल्डनंतर एकच गेम बंद पडत असेल, सीई-३४८७८-० असा कोड देत असेल, तर फक्त तो गेम डिलीट करून पुन्हा टाकायचा. तोही पुन्हा एक्स्टर्नलवर न टाकता आधी आतल्या डिस्कवर टाकून बघायचा. तिथे चालला तर संशय डिस्कवर, तिथेही पडला तर डिस्क निर्दोष. आणि सीई-३४३३५-८ हा कोड आला असेल तर तक्रार आतल्या डिस्कची आहे, बाहेरची काढून टाकून काही होणार नाही.

डिस्क थोडीफार वाचली जात असेल तर हीच वेळ मोठे गेम आत हलवून घ्यायची. स्टोरेजमध्ये एक्स्टर्नल निवडून ऑप्शन्समधून ‘मूव्ह टू सिस्टिम स्टोरेज’, एका वेळी एकच गेम. सगळे निवडून टाकले आणि तिसऱ्यावर डिस्क अडकली, की कोणता आला आणि कोणता राहिला याचा पत्ता लागत नाही. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ९० जीबीचा गेम पुन्हा उतरवायचा म्हणजे ४५ दिवस. फायबर असलेल्या घरात हे हलवणं सोडून दिलं तरी चालेल.

शनिवार, रात्र

आता डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला. पीएस४ ची फॉरमॅट विंडोजला कळत नाही, त्यामुळे जोडताच ‘फॉरमॅट करू का?’ किंवा ‘इनिशियलाइज करू का?’ अशी खिडकी येते. दोन्हीला कॅन्सल. एका ‘ओके’ने वाचवण्यासारखं उरलेलंही जातं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम डिस्कच्या आतली स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) नुसती वाचतो, डिस्कवर काही लिहीत नाही. तिथे चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लिहिण्याचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी७ म्हणजे डिस्क आणि तिला जोडलेला यूएसबीचा सर्किट बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका, म्हणजे जोडणीचा दोष. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर दिसतात. फंक्शनच्या मेनूतून रॉ व्हॅल्यू दहाच्या पायावर करून घ्यायच्या, नाहीतर १० दिसतं आणि असतात १६.

०५, सी५, सी६ तिन्ही शून्य असतील तर डिस्कचं शरीर धडधाकट आहे, विस्कटली ती फक्त वरची मांडणी. फॉरमॅट करून ती खुशाल वापरावी. सी५ मध्ये थोडे सेक्टर असतील तर एकदा पूर्ण डिस्कवर शून्य लिहून बघायचं. लाइट जाताना अर्धवट लिहिला गेलेला सेक्टर वाचता येत नाही, पण त्यावर नव्याने लिहिलं की बरेचदा तो पुन्हा ठीक होतो आणि सी५ शून्यावर येतो. खरंच खराब असेल तर डिस्क तो बदलते आणि ०५ चा आकडा वाढतो. एकदा वाढून थांबला तर चालवून घ्यावं. आज ८, उद्या ४०, परवा १०४ असं चढत गेलं तर ती डिस्क गेमलाही नको.

रविवार

शून्य लिहायला विंडोजचंच डिस्कपार्ट हे कमांड टाइप करून चालवायचं साधन पुरतं. ‘लिस्ट डिस्क’ दिल्यावर आकारावरून डिस्क ओळखायची: ५०० जीबीची ४६५ दिसते, १ टीबीची ९३१, २ टीबीची १८६३. बाकीच्या यूएसबी आधीच काढून ठेवायच्या, आणि ‘सिलेक्ट डिस्क’नंतर आकडा पुन्हा एकदा वाचायचा. इथे चूक झाली तर घरचे फोटो जातात, गेम नव्हे. मग ‘क्लीन ऑल’. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला सुमारे पावणेतीन तास. आतल्या रिंगणात वेग पडतो, म्हणून चार धरावेत. त्यानंतर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’ आणि एक्सफॅटमध्ये क्विक फॉरमॅट. पार कोरी डिस्क काही वेळा कन्सोलला दिसत नाही, म्हणून हे शेवटचं पाऊल गाळू नये.

पीएस४ ला जोडून सेटिंग्ज, डिव्हायसेस, यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस, तिथे ‘फॉरमॅट अॅज एक्स्टेंडेड स्टोरेज’. डिस्क २५० जीबी ते ८ टीबी याच हद्दीतली लागते. अपडेट बसवताना पीएस४ गेमची प्रत बनवतो, म्हणून सगळ्यात मोठ्या गेमएवढी जागा कायम रिकामी सोडायची. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर अपडेट अडकतात, आणि लोक पुन्हा ‘करप्ट’ म्हणतात.

आता मूळ कारण. गेम खेळताना एक्स्टर्नलवर फारसं लिहिलं जात नाही, नुसतं वाचलं जातं. लिहिणं होतं अपडेट उतरताना, आणि ते होतं रेस्ट मोडमध्ये, रात्री, सगळे झोपलेले असताना. त्यात लाइट गेली की डिस्क नेमकी लिहिता लिहिता मरते. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात कन्सोल रात्री पूर्ण बंद करावा हेच बरं. डिस्क काढायची असेल तर पीएस बटण दाबून धरून क्विक मेनू, साउंड अँड डिव्हायसेस, ‘स्टॉप यूझिंग एक्स्टेंडेड स्टोरेज’, आणि मगच केबल.

इन्व्हर्टर असलेल्यांनी त्याच्या मागचं बटण बघावं. अनेक घरगुती इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये पंखा आणि ट्यूबला न कळणारा खंड कन्सोलला मात्र बंद पाडतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस घ्यावा. तो साधारण ३६० वॅट पेलतो, आणि पीएस४ स्लिमचं रेटिंग १६५ वॅट, पहिल्या प्रोचं ३१०. मिळतात ती पाच-दहा मिनिटं, नीट बंद करायला भरपूर. साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असतो, तोही त्याच यूपीएसवर लावायचा. तो भिंतीच्या सॉकेटवर राहिला तर लाइट जाताच कन्सोल जिवंत आणि डिस्क बंद, म्हणजे पुन्हा तेच.

दुरुस्त केलेल्या डिस्कच्या पाठीवर कागदी टेपचा एक तुकडा चिकटवायचा आणि त्यावर पेनाने लिहायचं: तारीख, ०५ किती, सी५ किती. आठवड्याने पुन्हा कॉम्प्युटरला जोडून त्याखाली दुसरी ओळ. मग महिन्याने तिसरी.