ते गप्प का बसले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना डॉनर खिंडीतला जुना रेल्वेबोगदा दाखवायला नेतो. तिथे तो खोदणाऱ्या चिनी मजुरांची हकीकत सांगून झाली की दर वेळी कोणीतरी विचारतेच, ‘इतके हाल होत होते, तर हे लोक गप्प का बसले?’ परवा तुम्हीही तेच विचारलेत. बोगद्यातल्या गारठ्यात मी दिलेले उत्तर तुटक होते.

ते गप्प बसले नव्हते. १८६७ च्या जून महिन्यात याच डोंगरात सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी एकदम काम बंद केले होते, आणि त्या काळच्या अमेरिकेतल्या मोठ्या संपांपैकी तो एक होता.

सेंट्रल पॅसिफिक कंपनीने सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे लोहमार्ग टाकायला १८६३ मध्ये सुरुवात केली. (आपला बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला तो याच वर्षी.) गोरे मजूर खाणींच्या ओढीने पळून जात, म्हणून कंपनीने चिनी माणसे घेऊन पाहिली. कामावरचा मुख्य देखरेख्या स्ट्रोब्रिज आधी त्यांना घ्यायलाच तयार नव्हता. ही किरकोळ अंगाची माणसे डोंगर काय फोडणार, असे त्याचे म्हणणे. दोन-तीन वर्षांत दहातले आठ-नऊ मजूर चिनी झाले. बहुतेक जण ग्वांगडाँग प्रांतातल्या मोजक्या जिल्ह्यांतून आलेले होते.

बोगद्याच्या भिंतीवरच्या ज्या उभ्या अर्धगोल पन्हळीत मी तुम्हाला बोट घालायला लावले, ती सुरुंगाच्या भोकाची उरलेली अर्धी बाजू आहे. एकाने पहार धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे आणि प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार किंचित फिरवायची, अशा रीतीने तिघे मिळून एक भोक पाडत. मग त्यात दारू ठासून, वात पेटवून पळायचे. ग्रॅनाइट इतका चिवट होता की दिवसभरात एका तोंडाला जेमतेम फूटभर प्रगती होई, आणि बोगदा १,६५९ फुटांचा. म्हणून डोंगरमाथ्यावरून मधोमध एक विहीर खोदून, दोन बाहेरची आणि दोन आतली अशा चार तोंडांनी काम चालवले. पुढे नायट्रोग्लिसरीन जागेवरच तयार करून वापरू लागले. वेग वाढला आणि धोकाही. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाची ४४ वादळे झाली. मजूर बर्फाखाली खोदलेल्या भुयारांतून कामावर जात-येत. बर्फाचे कडे कोसळून मजुरांचे तळच्या तळ गाडले जात, आणि काही प्रेते हाती लागत ती बर्फ वितळल्यावर. मेलेल्या चिनी मजुरांची मोजदाद कंपनीने ठेवली नाही.

हा हिवाळा सरल्यावर संप झाला. तोवर त्यांचा पगार महिना ३१ डॉलरवरून ३५ वर आला होता. गोऱ्या मजुराला तेवढ्याच पगारावर जेवणखाण कंपनीकडून मिळे. चिनी टोळीला मात्र शिधा स्वतःच्या पैशांतून भरावा लागे आणि स्वयंपाकीही स्वतःचा ठेवावा लागे. मागण्या साध्या होत्या: महिना ४० डॉलर, उघड्यावर दहा तास काम, बोगद्यात आठ. कंपनीचा भागीदार चार्ल्स क्रॉकर याने पुढे सांगितले आहे की मारामारी नाही, आरडाओरडा नाही, माणसे आपापल्या तळावर बसून होती, जणू रविवारच असावा. मला या शांततेत दुबळेपणा दिसत नाही. मैलोन्‌मैल विखुरलेल्या हजारो माणसांनी एकाच वेळी हत्यारे खाली ठेवायची म्हणजे आधी किती निरोप फिरले असतील!

क्रॉकरने रसद तोडली. डोंगरात दुकान नव्हते, तांदूळ खालून गाडीने येई आणि गाडी कंपनीची. आठवडाभरात संप मोडला, मागण्या मान्य झाल्या नाहीत, आणि ऑगस्टमध्ये बोगदा आरपार झाला. आधी गोऱ्या आयरिश मजुरांना चिन्यांचा धाक दाखवला, आता चिन्यांना धाक दाखवायला नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय मजूर आणावेत, असा विचारही कंपनीच्या पत्रव्यवहारात सापडतो. मुकादमी करणाऱ्या कुणालाही ही युक्ती नवी वाटणार नाही.

संपाशिवाय दुसरा मार्ग तरी कोणता होता? चिनी माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध ग्राह्य नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्येच ठरवले होते. नागरिकत्वाचा कायदा गोऱ्यांपुरता होता, म्हणजे मतही नाही. पगारपत्रकावर बहुधा मुकादमाचे नाव असे आणि टोळीचा पगार त्याच्या हाती पडे. कुठे मजुराचे नाव आलेच, तर ते ‘आ’ लावलेले घरगुती नाव, म्हणजे आपल्या हजेरीपटावर ‘बाळ्या’, ‘पांड्या’ एवढेच लिहावे तसे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ पासून अमेरिकेत आणि चीनमध्ये शोध घेतला, पण या मजुरांपैकी कोणाच्या हातचे एकही पत्र त्यांना मिळाले नाही. (हे विद्यापीठ काढणारा लेलँड स्टॅनफर्ड म्हणजे याच कंपनीचा अध्यक्ष.) गप्प आहेत ती कागदपत्रे, आणि आपण ते मौन त्या माणसांच्या माथी मारतो.

२८ एप्रिल १८६९ रोजी कंपनीने एका दिवसात दहा मैल ५६ फूट रूळ टाकण्याचा विक्रम केला. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावे नोंदवलेली आहेत, आणि ती आजही वाचायला मिळतात. त्यांच्याबरोबर राबलेल्या हजारो चिनी मजुरांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही.