मटार करंज्या कच्च्याच गोठवून ठेवायच्या तर

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात मटारचे ढीग लागले की तिखट करंज्यांचा बेत ठरतोच. एकदाच तीस-पस्तीस करून फ्रीजरमध्ये टाकल्या तर महिनाभर पाहुण्यांची चिंता नाही, हा हिशोब बरोबरच आहे. पण गोठवलेली करंजी कढईत गेल्यावर चार तक्रारी हमखास ऐकू येतात: कडेने फुटते, पारीवर फोड येतात, तेल पिते, बाहेरून लाल झाली तरी आतून गार राहते. पहिल्या तीन तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं. सारणात राहिलेलं, पिठात जास्त पडलेलं किंवा गोठवलेल्या करंजीवर साचलेलं. चौथी आचेची चूक. म्हणून खरी काळजी घ्यायची ती करंजी फ्रीजरमध्ये जाण्याआधी.

खाली दिलेलं प्रमाण साधारण ३५ करंज्यांचं आहे.

सारणासाठी सोललेले मटार ५०० ग्रॅम घ्या. भरलेल्या शेंगा किलोभर लागतात, पोचट असतील तर सव्वा किलो. दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून भरड करा. अख्खा दाणा गोठला की खड्यासारखा कडक होतो आणि पिशवीत जरा दाब पडला की पारीला आतून भोक पाडतो. उलट अगदी पेस्ट केली तर ती पाणी धरून ठेवते आणि कितीही परतली तरी चिकटच राहते. अर्धा दाणा, पाव दाणा दिसला पाहिजे.

कढईत ३ मोठे चमचे तेल तापवून जिरं आणि हिंग घाला, मग दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून टाका आणि सोनेरी होईपर्यंत परता. याला दहा मिनिटं लागतात आणि ती द्यावीत. अर्धवट परतलेला कांदा नंतर पाणी सोडतो आणि तेच पाणी कडेच्या जोडातून बाहेर यायला बघतं. आलं-लसूण-मिरचीचं वाटण एक मोठा चमचा, मग मटार. पाच मिनिटं झाकण ठेवून वाफ काढा, त्यानंतर झाकण कायमचं बाजूला. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतत राहा. उलथनं कढईच्या तळावरून ओढलं की मागे ओल दिसता कामा नये आणि सारण एका बाजूला गोळा व्हायला हवं. इथे घाई झाली तर पुढे कशानेच भरून निघत नाही.

आता दोन लहान चमचे कांदा-लसूण चटणी. आपल्या चटणीत मीठ असतंच, म्हणून ती पडल्यावर चव बघूनच वरचं मीठ घाला. ओलं खोबरं घालायचं तर ५० ग्रॅम, तेही कोरडं परतून. उकडलेला बटाटा फक्त एक, साधारण १०० ग्रॅम, तोही पूर्ण गार झाल्यावर किसून. बटाट्याचं प्रमाण वाढवू नका. गोठल्यावर त्यातला स्टार्च पाणी सोडतो; फोडी ठेवल्या तर त्या स्पंजासारख्या होतात. किसून थोडा घातला तर सारण बांधून धरण्यापुरता कामाला येतो. टोमॅटो आणि लिंबू नको. ओलाव्याचा प्रश्न आहेच, शिवाय आंबटपणाने मटारचा हिरवा रंग मळकट होतो. आमचूर एक लहान चमचा, सारण गार झाल्यावर. कोथिंबीर धुऊन फडक्यावर अगदी कोरडी केलेली असेल तरच, तीही शेवटी आणि मूठभरच.

एवढं करूनही सारण ओलसर वाटलं तर एक-दोन चमचे डाळ्याचं कूट घाला. ते ओल ओढून घेतं आणि चवीला आड येत नाही. ब्रेडचा चुरा घालतात काही जण, पण त्याने सारण पिठूळ लागतं.

सारण परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवा. हाताला अगदी गार लागेपर्यंत भरायला घेऊ नका. कोमट सारणाची वाफ पारीच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते, फ्रीजरमध्ये त्याचा बर्फ होतो आणि तळताना तीच जागा आधी फुटते.

पारीसाठी मैदा ४०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, मीठ दीड लहान चमचा, चुरडलेला ओवा एक लहान चमचा. मोहन ७५ ग्रॅम, कडकडीत तापवलेलं. तूप घेतलं तर पारी जास्त खुसखुशीत होते. तेल घेतलं तरी चालतं. मोहन दोन्ही हातांनी पिठाला चोळा आणि मूठ वळून बघा. मूठ टिकली आणि बोटाने दाबल्यावर सुटली की झालं. मोहन कमी पडलं तर करंजी गार झाल्यावर चिवट होते, जास्त झालं तर तेलात विरघळायला लागते. पुढे गार पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या पिठापेक्षाही जरा घट्ट पीठ मळा. साधारण १९० ते २०० मिलिलिटर पाणी लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात मैद्याने आधीच दमट हवा घेतलेली असते, त्यामुळे आखाड तळायच्या दिवसांत दीडशेवरच हात आखडता घ्या आणि गरजेपुरतंच वाढवा. पीठ ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, म्हणजे रवा भिजतो. न भिजलेल्या रव्याची पारी लाटताना कडेला चिरते आणि त्या बारीक चिरा गोठल्यावर मोठ्या होतात. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, ती जागा कुठून तरी निघतेच.

सैल पिठाने लाटायला सोपं जातं हे खरं. पण फोडांचं मुख्य कारण तेच.

बावीस ग्रॅमच्या आसपास गोळी घेऊन नऊ-दहा सेंटिमीटरची पुरी लाटा, जाडी दीड ते दोन मिलिमीटर. मध्यभाग फार पातळ होऊ देऊ नका, सारणाचा भार तिथेच येतो. वरून पीठ लावून लाटू नका. ते पीठ तेलात सुटून तळाशी जळतं. एक मोठा चमचा सारण, म्हणजे १८ ते २० ग्रॅम. साच्यात जास्त मावतं म्हणून जास्त भरायचं नाही. कडेला बोटाने दूध किंवा पाण्यात कालवलेली मैद्याची पातळ चिकी लावा, करंजी दुमडा आणि सारणाच्या बाजूकडून कडेकडे दाबत आणा, म्हणजे हवा बाहेर जाईल. आत अडकलेली हवा तळताना फुगते आणि सगळ्यात कच्चा जोड शोधून तिथून बाहेर पडते. तेलात अचानक फुटणाऱ्या करंज्यांमध्ये अशा बऱ्याच असतात.

कातण्याने कापायची की मुरड घालायची? लगेच तळायच्या करंजीला दोन्ही चालतं. गोठवायच्या करंजीला आमची पसंती मुरडीला आहे. कातलेली पातळ कड पिशवीत एकमेकींवर आपटून तुटते, मुरड टिकते. फक्त ती बारीक हवी. जाड मुरडीचा आतला भाग कच्चा राहतो आणि खाताना पिठूळ लागतो. साच्याने करणार असाल तर कापल्यावर कड बोटांनी पुन्हा एकदा दाबून घ्या. झालेल्या करंज्या लगेच फडक्याखाली झाका, वाळलेली पारी नंतर नक्की तडकते.

आता गोठवणं. ताटावर बटर पेपर किंवा स्वच्छ प्लास्टिकचा कागद घालून करंज्या एकमेकींना न चिकटता मांडा. आधी अर्धा तास खालच्या फ्रीजमध्ये, मग फ्रीजरमध्ये तीन ते चार तास. पस्तीसच्या पस्तीस एकदम फ्रीजरमध्ये ढकलू नका, दोन खेपा करा. घरच्या फ्रीजरला एवढी उष्णता झटकन ओढता येत नाही. गोठणं रेंगाळलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि पारी तडकते. वाजवल्यावर खणखणीत आवाज आला की जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. रात्रभर ताटावर उघड्या ठेवू नका. विशेषतः फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची हवा कोरडी असते, पारी पांढरी आणि भुसभुशीत पडते.

किती दिवस टिकतील हे फ्रीजवर आहे. उणे १८ अंश सांभाळणाऱ्या दोन दारांच्या फ्रीजमध्ये दोन महिने चव चांगली राहते. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा एवढा गार नसतो आणि दार उघडलं की त्याचं तापमान चढतं. तिथे पंधरा दिवसांत संपवा.

तळताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करंजी वितळू द्यायची नाही. बाहेर काढून ठेवलेल्या करंजीवर दव धरतं, पारी चिकट होते, ताटाला चिकटून फाटते आणि तेल पिते. पिशवीतून लागतील तेवढ्याच काढा, वरचे बर्फाचे कण कोरड्या फडक्याने पुसून टाका. ते तसेच राहिले तर तेल उडतं आणि चेहऱ्यावर येऊ शकतं, म्हणून हे पुसणं टाळू नका. करंजी झाऱ्यावर ठेवून एकेक सोडा.

तेल १५० ते १६० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा हरभऱ्याएवढा गोळा टाका. तो तळाशी जाऊन चार-पाच सेकंदांनी वर आला तर तेल बरोबर, टाकताक्षणी वर उसळला तर जास्त तापलंय. लिटरभर तेलात एकावेळी पाच-सहाच. जास्त सोडल्या तर तेल एकदम गार पडतं आणि करंज्या तेल पितात. पहिलं मिनिटभर हलवू नका, मग झाऱ्याने वरून तेल उडवत उलटा. मंद-मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर चार मिनिटांत रंग येतो, पण आत बर्फ तसाच असतो. पहिल्या घाण्यातली एक फोडून बघा, मधोमध वाफ आली तर बाकीच्या सोडा.

घरी कार्य असेल आणि ऐनवेळी वेळ नसेल तर अर्धवट तळून गोठवायची पद्धत बरी. १४० अंशाच्या तेलात तीन-चार मिनिटं, पारी पांढरी राहून घट्ट होईपर्यंत. पूर्ण गार करून मग फ्रीजरमध्ये. अशा करंज्या तुटत नाहीत आणि नंतर निम्म्या वेळात होतात. पण पारीतल्या तेलाला फ्रीजरमध्येही हळूहळू वास लागतो, म्हणून महिन्याच्या आत संपवा. एअर फ्रायरमध्ये कच्च्या गोठवलेल्या करंज्यांना तेलाचा हात लावून १८० अंशावर पंधरा मिनिटं पुरतात. पारी खारीसारखी कोरडी होते. तळलेल्या करंजीची चव हवी असेल तर कढईच लावावी.

खिम्याचं सारण करायचं असेल तर मटण आधी धुऊन, निथळून मग त्याचा खिमा करून घ्या. खिमा झाल्यावर धुतला तर तो पाणी धरतो आणि सोडायचं नाव घेत नाही. शिजताना वरून पाणी घालू नका, सुटलेलं पाणी पूर्ण आटवा आणि चरबी सुटल्यावर कढई तिरकी करून ती काढून टाका. गार असताना ही चरबी घट्ट बसते, पण तेलात पडताच वितळून मुरडीतून बाहेर येते. शिजलेला खिमा दोन तासांच्या आत गार होऊन फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तळताना आतलं तापमान ७४ अंशाला पोचायला हवं, म्हणून खिम्याची करंजी मटारपेक्षा किंचित लहान करा. पनीर गोठून भुगा होतो, कोबी पाणी सोडतो आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. ही सारणं त्या दिवशी खायच्या करंजीसाठीच ठेवा.

राहिली वीज. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की काही भागांत वीज तासन्‌तास जाते, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर दिवसच्या दिवस गेली. दार उघडलं नाही तर ठासून भरलेला चांगला फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा याहून बराच कमी. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून ठेवल्या तर फायदा होतो. वीज आल्यावर करंज्या अजून कडक असतील आणि वर बर्फाचे कण दिसत असतील तर राहू द्या. मऊ पडल्या असतील, पण फ्रीजइतक्या गार असतील, तर कोरड्या फडक्याने टिपून त्याच दिवशी तळून संपवा, पुन्हा गोठवू नका. खिम्याच्या करंज्या मऊ होऊन हाताला गार लागत नसतील, तर कितीही जीव तुटला तरी टाकून द्या.