बिल्ड अपडेट: एएमडीचा ९८००एक्स३डी प्रोसेसर बसवला, आता डोळे इंटेलच्या १८ए आणि टीएसएमसीच्या एन२ ह्या चिप बनवायच्या नव्या प्रक्रियांकडे

मंडळी, शेवटी जुना ५८००एक्स३डी प्रोसेसर भावाच्या पीसीत गेला आणि मी एएम५ वर (एएमडीचं नवं सॉकेट) आलो. कूलर जुनाच ड्युअल टॉवर, बोर्ड आणि रॅम तेवढी लॅमिंग्टन रोडवरनं आणली. टेस्टिंग मुद्दाम एसी बंद ठेवून केलं कारण घोडबंदरला मे महिन्यात रूममध्येच ३३ डिग्री असतं, थंड देशातल्या रिव्ह्यूंचे आकडे आपल्याकडे लागूच होत नाहीत.

फरक जबरदस्त आहे! २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये ६४ एमबीची जादा कॅश (प्रोसेसरची स्वतःची वेगवान मेमरी) डायच्या, म्हणजे चिपच्या सिलिकॉन तुकड्याच्या, वर चिकटवलेली आणि कोअर्सच्या डोक्यावर लेव्हल जुळवायला नुसतं सिलिकॉन, म्हणजे उष्णता बाहेर पडायच्या वाटेतच अडथळा, त्यात कॅशला जास्त व्होल्टेज चालत नव्हतं, म्हणून तर मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) लॉक करून दिला होता. २०२४ ला ९८०० मध्ये एएमडीने कॅश खाली नेली, कोअर्स वर आले, बूस्ट (कमाल क्लॉक) ४.५ वरून ५.२ गिगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर पण मोकळा. नोड (चिप बनवायची प्रक्रिया) बदलला हे खरं, पण माझ्या मते निम्मं श्रेय ह्या उलटापालटीचं. कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सगळ्या कोअर्सना उणे २० वर स्टेबल आहे, उणे ३० ला एक कोअर एरर देतो, त्याला वेगळा ट्यून करतोय.

म्हणूनच मला वाटतं पुढची मारामारी नॅनोमीटरपेक्षा उष्णता कुठून काढायची ह्यावर होणार. इंटेलच्या १८ए मध्ये पॉवरव्हिया आहे, वीज चिपच्या मागून येते, पुढच्या बाजूला सिग्नलच्या तारांना जागा मिळते आणि व्होल्टेज ड्रॉप कमी होतो, आयडिया खरंच भारी आहे. पण मग ट्रान्झिस्टरचा थर दोन्हीकडून तारांच्या जाळ्यात अडकतो आणि हॉटस्पॉटची उष्णता आजूबाजूला पसरवणारं जाड सिलिकॉन उरत नाही. चिप बनवून देणाऱ्या टीएसएमसीने एन२ ला नॅनोशीट (नव्या रचनेचा ट्रान्झिस्टर) घेतलं पण वीज अजून पुढूनच, मागची वीज त्यांच्या पुढच्या ए१६ प्रक्रियेला. माझा अंदाज, १८ए पँथर लेकसारख्या (इंटेलचा लॅपटॉप प्रोसेसर) कमी वॅटच्या लॅपटॉपात चमकेल, डेस्कटॉपला साडेपाच गिगाहर्ट्झच्या वर मात्र एन२ वाले भारी पडतील. अ‍ॅरो लेकची कंप्यूट टाइल (ह्या डेस्कटॉप प्रोसेसरचा कोअर्सवाला तुकडा) इंटेलने टीएसएमसीच्याच एन३बी प्रक्रियेवर काढली होती, त्यामुळे मागच्या विजेचा हाय क्लॉक डेस्कटॉप आपण अजून बघितलेलाच नाही.

आता कूलर थोडा सरकवून बसवणारा ऑफसेट ब्रॅकेट लावून बघणार, एएम५ ला हॉटस्पॉट मधोमध नसतो. पँथर लेकचा लॅपटॉप कोणाकडे असेल तर एसी बंद करून सिंगल कोअर लोडचं टेंपरेचर टाका प्लीज, रूमचं टेंपरेचर पण लिहा.