तुम्ही विचारलंत म्हणून: अजून फीड रीडर कशाला?

"सगळं मोबाइलवर आपोआप येतंच की, मग तुझं ते आरएसएस अजून कशाला?" भाच्यापासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. आरएसएस म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदी देणारी फाइल, म्हणजेच फीड; आणि अशी फीड्स एका जागी वाचायला देतो तो फीड रीडर. दरवेळी "सवय" म्हणून मी विषय संपवते. पण सवय हे कारण नाही.

२०१३मध्ये मीही असंच बोलायचे. १ जुलैला गूगल रीडर, म्हणजे मी वापरायचे तो फीड रीडर, बंद झाला. त्याआधी माझ्या १४२ ब्लॉगांच्या यादीची ओपीएमएल फाइल (ही दुसऱ्या रीडरमध्ये चढवता येते) उतरवून घेतली आणि विसरले. "महत्त्वाचं असेल ते कुणीतरी शेअर करेलच," हे माझंच वाक्य.

त्या यादीत चंद्रपूरचे एक दादा होते. पाखरांवर लिहायचे. भेट कधीच नाही, पण सात वर्षं एकमेकांच्या लेखांवर प्रतिक्रिया चालायच्या. २०१६च्या दिवाळीत जुना लॅपटॉप रिकामा करताना ती फाइल सापडली. नव्या रीडरमध्ये चढवली, तर त्यांच्या ब्लॉगपुढे ठळक अक्षरात २५, म्हणजे न वाचलेल्या नोंदी. त्यांचा ब्लॉग ज्यावर होता त्या ब्लॉगस्पॉटचं फीड एरवी शेवटच्या पंचवीसच नोंदी देतं, म्हणजे त्याआधीचंही बरंच हुकलं होतं. जुन्यापासून वाचत आले. तलावावरची चक्रवाकं, मग तपासण्या, मग केमो. एका नोंदीत जुन्या वाचकांची नावं घेऊन विचारलं होतं, "मंडळी, आहात ना?" त्यात दुसरं नाव माझं. शेवटची नोंद फेब्रुवारीतली, चार ओळींची, खिडकीतून दिसणाऱ्या दयाळ पक्ष्यावर. खाली एकही प्रतिक्रिया नाही. मी फोन लावला तो त्यांच्या मुलीने उचलला.

एका समाजमाध्यमावर आम्ही जोडलेले होतो. प्रत्येक लेखाची लिंक ते तिथे टाकत. मला एकही दिसली नाही.

ब्लॉग मी आपणहून उघडायला हवा होता, हे मला कुणी सांगायला नको. पण १४२ दारं रोज कोण ठोठावणार? फीड रीडर तेवढंच काम करतो. प्रत्येक साइटवरची एक साधी फाइल अधूनमधून तपासतो, नवी नोंद दिसली की तारखेनुसार समोर ठेवतो. कुणाला किती लाइक मिळाले हे तो बघत नाही. माणूस निवडला मी, तर त्याचं लिहिलेलं माझ्यापर्यंत यावं, एवढीच माझी मागणी आहे.

यादी चालू असती तर त्यांची हाक मी वाचली असती, असं नवऱ्याला ठासून सांगते. तो काही बोलत नाही. शेकडो नोंदी साचल्या की "सगळं वाचलं"चं बटण दाबून मी मोकळी व्हायचे, ते त्याने पाहिलंय.