सोंगटीला डोळे असतात

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही चौघं ऑनलाइन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. मी पुण्यात, माझा मित्र बंगळुरूला, मावशी नाशिकला आणि तिचा मुलगा न्यू जर्सीत. उन्हाळ्यात त्याच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि मिळून एक साहसकथा पुढे न्यायची, असा हा खेळ मूळचा १९७४ सालचा, कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंच्या फाशाचा. आता त्याचा पट ब्राउझरमध्ये मांडता येतो. मी घेतलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे फक्त खेळ चालवणाऱ्याने भरायचे, बाकीच्यांनी लिंक उघडायची. माझ्या घरच्या इंटरनेटवरून बाहेरच्यांना जोडताच येईना, म्हणून भाड्याचा सर्व्हर घेतला. तो त्रास माझ्यापुरता होता.

पहिल्या रविवारी मी स्क्रीन शेअर करून सगळं समजावलं: कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचं पान), इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी आधी), मोजपट्टी, चॅटमध्ये फासा टाकायची कमांड. सव्वा तास त्यातच गेला. शेवटी मावशी म्हणाली, “तुमचं चालू द्या रे, मी नुसती ऐकते.” तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. मला ते फार लागलं, कारण तिने खेळायचं ठरवलं होतं ते मुलाबरोबर दोन तास मिळावेत म्हणून.

पुढच्या शनिवारी नाशिकला गेलो आणि तिच्या शेजारी गप्प बसलो. तिचा हात कुठे जातो ते बघायचं, मध्ये बोलायचं नाही. तिने टोकनवर, म्हणजे नकाशावरच्या तिच्या पात्राच्या चित्रावर, क्लिक केलं, सवयीने दोनदा, फाइल उघडतो तसं. कॅरेक्टर शीट उघडली आणि नकाशा झाकला गेला. “गेलं सगळं!” म्हणत तिने वरची फुली दाबली. ती फुली ब्राउझरच्या टॅबची होती. पुन्हा लिंक, पुन्हा पासवर्ड. परत आली तर पडदा काळाकुट्ट, कारण मी नकाशातल्या भुयारात उजेड ठेवला नव्हता आणि तिच्या टोकनला कंदील दिला नव्हता. तिने माऊसवरून हातच काढून घेतला. आपल्या हातून सगळ्यांचा खेळ बिघडेल, ही भीती तिला अडवत होती.

रात्री बसून मी तिच्याच घराचा नकाशा केला. दिवाणखान्यात झोपाळा, पलीकडे स्वयंपाकघर, फडताळात लाडवांचा डबा. काम एवढंच: डब्यापर्यंत जायचं, वाटेतलं दार उघडायचं, झाकण निघतं का बघायला फासा टाकायचा. “इथे वाट्टेल ते दाब,” मी म्हटलं, “याची प्रत काढून ठेवलीय.”

शब्दही बदलले. टोकनची सोंगटी झाली, नकाशावरच्या चौकटींची, म्हणजे ग्रिडची, घरं झाली. डायनॅमिक लायटिंगसाठी एकच वाक्य ठेवलं: सोंगटीला डोळे आहेत, तिला दिसेल तेवढंच तुला दिसणार. मावशीने सोंगटी दारातून आत नेली, स्वयंपाकघर उजळलं आणि ती म्हणाली, “अस्सं! म्हणजे भिंतीपलीकडचं दिसणारच नाही.” खालच्या पट्टीत मी तीनच बटणं ठेवली, मराठीत: ‘फासा टाक’, ‘तलवार’, ‘कंदील’. तलवारीच्या बटणामागे वीस बाजूंचा फासा अधिक पाच असं सूत्र आहे. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, हे पाच आले कुठून? ताकदीचे तीन आणि सरावाचे दोन, म्हटल्यावर तिने ते वहीत लिहून घेतलं. अशी फोड पहिल्या रविवारी सांगितली असती, तर तिच्या कानावरून गेली असती.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. बोलणं फोनवर, नकाशा लॅपटॉपवर. लॅपटॉप अडकला तरी आवाज तुटत नाही, कोणीतरी “थांब मावशी, पान रिफ्रेश कर” म्हणतं आणि ती एकटी पडत नाही.

आता शीटही ती स्वतः उघडते आणि स्वतः मिटते. पुढच्या मोहिमेत तिला जादूगार घ्यायचाय. मंत्रांची यादी लांबलचक आहे, म्हणून त्या घराच्या नकाशात माळा जोडायला घेतलाय. पहिला मंत्र उजेडाचा ठेवणार आहे.