तुम्ही विचारलंत म्हणून: दारात काटेरी झाड कशाला?

"दारात काटेरी झाड कशाला लावलंय ओ?" कुरिअरवाला विचारतो, भिशीच्या बायका विचारतात, माहेरचं येईल ते माणूस विचारतं. म्हणून एकदाच सांगते. ती करवंदाची जाळी आहे, मी मुद्दाम लावली आहे, आणि वास्तूचं मला काही सांगू नका. तुमच्या फाटकावरच्या बोगनवेलीला काटे नाहीत? परसातल्या लिंबाला? तिथं कुठं जाते तुमची वास्तू?

लावली ती वासासाठी. पूर्वी मी "कुंपण आहे, गुरं शिरत नाहीत" असं सांगायचे. कुंपण म्हटलं की पुरुष माणसंसुद्धा माना डोलावतात, वास म्हटलं की चोचले वाटतात. पण होळीपासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत पन्हाळ्याच्या चढाला जो वास सुटतो, तो मला संध्याकाळी माझ्या पायरीवर हवा होता. गुलाबी झाक असलेल्या बारक्या कळ्या, मग पाच पाकळ्यांची पांढरी फुलं. मोगरा का नाही? आहे की कुंडीत, रोज पाणी मागतो. करवंद उन्हाळ्यात पाण्याचं नाव काढत नाही. उलट जास्त पाजलं की पानंच माजतात.

आपली नदीकडची काळी माती मात्र तिला मानवत नाही, पाणी धरते. ही जांभ्यातली. म्हणून खड्ड्यात मुरूम भरून वीतभर उंचावर लावली. रोप डोंगरातून उपटून आणू नका, मूळ तुटतं आणि वाळून जातं. गगनबावड्याकडच्या बायका मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, त्यांच्याकडची पिकलेली खायची आणि बी लगेच पेरायचं. बी वाळलं की उगवायची ताकद भराभर जाते.

आता त्या गोष्टीकडं येते, कारण तुम्हाला खरं तर तेच विचारायचं असतं.

शेजारच्या पोराचा बॉल जाळीत गेला. त्यानं हात घातला. करवंदाचे काटे जोडीनं असतात, काही टोकाला फाटे फुटलेले. आत जाताना हात जातो, बाहेर काढताना अडकतो. त्यानं हिसडा दिला आणि अंगठ्याखालच्या मांसात काटा मोडला. रात्रीत तळवा सुजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिरून काढला. संध्याकाळी त्याची आई आली, आत बसली नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात गुंडाळलेला तो काटा तिनं कट्ट्यावर ठेवला. "वहिनी, हे तुमचं. तुमच्याकडंच ठेवा."

मी काय बोलणार होते? पोरानं विचारून हात घालायचा होता, असं तोंडावर आलं होतं. आठ वर्षांचं पोर बॉलसाठी कुणाला विचारतं? पण मग फाटकही काढायचं का, त्यात बोट चेमटतं म्हणून? हा वाद मी अजून मनात घालते आणि दोन्ही बाजूंनी मीच भांडते.

त्याच रात्री ह्यांनी कोयता काढला. मी अडवलं नाही, हातही लावला नाही. जाळी गुडघ्याइतकी उरली. पात्यावर पांढरा चीक वाळून चिकट झाला, तो रॉकेलनं पुसावा लागला. ह्यांना वाटलं, मिटलं.

पहिला वळीव पडला आणि खोडातून फुटवे आले. नव्या फुटव्याचे काटे आधी हिरवे, मऊ असतात, नखानं वाकतात. तेव्हाच उपटून टाकायला हवं होतं, असं ह्यांचं म्हणणं. पुढच्या उन्हाळ्यात फूल नाही, कारण फुलं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात आणि शेंडे तर छाटलेले. त्यानंतर मात्र लगडली.

रस्त्याच्या बाजूला मी आता जाळी मारून घेतली आहे, लोखंडी. जाळीला जाळी! बॉल तरीही वरून येतो. पोरगं आता मोठं झालंय, काठीनं काढतं. त्याची आई हळदीकुंकवाला येते, पण फाटकातून शिरताना पदर सावरून, जाळीच्या उलट्या बाजूनं. तोडणार का, असं तिनं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर काय केलं असतं, हे मात्र मला विचारू नका.